तुम्ही विचारलंत म्हणून: बायकांचं सॉफ्टबॉल टीव्हीवर बघतं कोण?

मी शिकागोजवळ राहते आणि उन्हाळ्यात शेजारच्या रोझमाँटला सॉफ्टबॉलच्या, म्हणजे बेसबॉलच्या धाकट्या बहिणीच्या, मॅचेस बघायला जाते, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. मंडळाच्या गणपतीत भेटणारे विचारतात, जळगावच्या शाळेतल्या मैत्रिणी फोनवर विचारतात: "अगं, बायकांचं प्रोफेशनल सॉफ्टबॉल! टीव्हीवर खरंच कोणी बघतं का?" विचारण्यात थोडी कीवही असते. मैत्रिणींची कीव वेगळ्या जातीची. आम्ही सगळ्या शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल खेळलोय, आणि बघायला कोण यायचं ते आम्हाला माहीत आहे.

तर, सॉफ्टबॉल बघतात, भरपूर बघतात. प्रोफेशनल सॉफ्टबॉल मात्र आजवर फार कमी बघितलं गेलं. या दोन वाक्यांमधली दरी मला त्या खेळाइतकीच रंगतदार वाटते.

६ जून २०२५ ला ओक्लाहोमा सिटीत कॉलेजच्या मुलींची अंतिम लढत संपली. तीन सामन्यांची मालिका, शेवटच्या सामन्यात टेक्सस विद्यापीठाने टेक्सस टेक विद्यापीठाला १०-४ असं हरवलं. तो एक सामना ईएसपीएन या खेळांच्या चॅनलवर सरासरी चोवीस लाख लोकांनी पाहिला. कॉलेज सॉफ्टबॉलचा तो विक्रम. आणि अगदी दुसऱ्या दिवशी, ७ जूनला, 'अ‍ॅथलीट्स अनलिमिटेड सॉफ्टबॉल लीग' ही नवी प्रोफेशनल लीग सुरू झाली. खेळ तोच, मैदान त्याच मापाचं, आणि खेळाडू आधीपेक्षा सरस, कारण कॉलेजांतल्या निवडक मुलीच इथवर पोचतात. चोवीस लाखांतले बहुतेक मात्र टीव्ही बंद करून आपापल्या कामाला लागले होते.

कारण ते सॉफ्टबॉल बघत नव्हतेच, आपलं कॉलेज बघत होते. अमेरिकेत कॉलेजची निष्ठा घराण्यासारखी चालते. आजोबा तिथे शिकले म्हणून नातू तोच रंग घालतो. १९७२ साली टायटल नाइन हा कायदा आला, कॉलेजांना मुलींच्या खेळांना वाव द्यावा लागला, १९८२ पासून एनसीएए ही कॉलेज-खेळांची संघटना सॉफ्टबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद ठरवू लागली. चार दशकं एक नाव, एक रंग. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, चार वर्षं तुमच्या डोळ्यांसमोर मोठी होते. मग ती पदवी घेते आणि 'टॅलन्स' नावाच्या संघात जाते. टॅलन्स हा त्या नव्या लीगमधला एक संघ. हे टॅलन्स कुठले? २०२५ मध्ये कुठलेच नव्हते. चार संघ होते, एकालाही गाव नव्हतं, सगळे मिळून शहरोशहरी फिरत होते. मुलीचं माहेर लाखो लोकांना पाठ, सासरचा पत्ता कोणालाच ठाऊक नाही, अशातली गत.

"बायकांचा खेळ म्हणून कोणी बघत नाही" हे स्पष्टीकरण मला म्हणूनच पटत नाही. २०२१ ची कॉलेज स्पर्धा घ्या. मुलींच्या सॉफ्टबॉलला सामन्यामागे सरासरी बारा लाखांच्या आसपास प्रेक्षक होते, मुलांच्या बेसबॉलच्या अंतिम स्पर्धेला साडेसात लाखांच्या आसपास. त्याच वर्षी मुलींच्या स्टेडियमवर अंघोळीची सोय नव्हती आणि पावसाने खोळंबलेला एक सामना रात्री दोन वाजून गेल्यावर संपला. प्रेक्षक पुढे गेले होते, आयोजक मागे राहिले होते.

टीव्हीसाठी तर हा खेळ मापून शिवल्यासारखा आहे. सात इनिंग्ज, दोन तासांच्या आसपास निकाल. मैदान लहान, त्यामुळे पिचर, बॅटर आणि बेसवरची रनर एकाच चौकटीत मावतात. पिचर बॅटरपासून उभी असते ४३ फुटांवर, म्हणजे जेमतेम तेरा मीटरवर. हात खालून गोल फिरवून ती ताशी ११० किलोमीटरने चेंडू सोडते. मी कॅचर, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणारी, होते, म्हणून सांगते, विचार करायला वेळच नसतो. २००४ मध्ये एका प्रदर्शनी सामन्यात सॉफ्टबॉलची पिचर जेनी फिंचने अल्बर्ट पुहोल्ससारख्या बेसबॉलच्या दादा फलंदाजाला चकवून बाद केलं. त्याआधी १९६१ साली जोन जॉइस या पिचरने बेसबॉलच्या टेड विल्यम्सचीही तीच गत केली होती.

या जोन जॉइसनेच १९७६ मध्ये टेनिसपटू बिली जीन किंग यांच्यासोबत बायकांची पहिली प्रोफेशनल लीग उभी केली. ती चार मोसम चालली आणि चारही वेळा कनेक्टिकट फाल्कन्स जिंकले. (एकच संघ दर वेळी जिंकतो हे कळल्यावर कोण टीव्ही लावणार, हाही एक मुद्दा आहेच.) १९९७ मध्ये दुसरी लीग आली, २००१ नंतर थांबली. २००४ मध्ये 'नॅशनल प्रो फास्टपिच' या नावाने पुन्हा उभी राहिली, २०२१ मध्ये कायमची मिटली.

त्या काळाचा अंदाज यायला अमेरिकन पिचर मोनिका अ‍ॅबटचा करार पुरेसा आहे. २०१६ मध्ये टेक्ससच्या एका संघाने तिला सहा वर्षांसाठी दहा लाख डॉलर देऊ केले, मथळे झळकले. प्रत्यक्षात पगार वर्षाला वीस हजार, बाकी रक्कम प्रेक्षकसंख्येवर बोनस म्हणून. आणि बोनस लागू व्हायला मैदानात किती माणसं हवीत? शंभरापेक्षा जास्त. संघांच्या पगारावर लीगची मर्यादा होती, तिच्यातून काढलेली ही पळवाट. पण उंबरठा शंभरावर ठेवावासा वाटला, यातच सगळं आलं. हीच अ‍ॅबट जपानमध्ये टोयोटाच्या संघात खेळायची. तिथे कंपन्याच संघ पोसतात, बऱ्याच खेळाडू कंपनीच्या नोकरदार असतात, म्हणून टीव्हीचे आकडे काहीही असोत, घर चालतं. जपानची पिचर युकिको उएनो २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकून सुवर्णपदक घेऊन आली आणि तेरा वर्षांनी, वयाच्या ३९ व्या वर्षी, टोकियोत पुन्हा अमेरिकेविरुद्धच्या फायनलमध्ये उभी राहून जिंकली. मधल्या दोन ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल नव्हतंच. ती तेरा वर्षं तिला खेळात कोणी टिकवलं? आधी एका सेमीकंडक्टर कंपनीने, मग एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानसाखळीने.

मैत्रिणी मग डब्ल्यूपीएलचा, म्हणजे बायकांच्या क्रिकेट लीगचा, दाखला देतात. खरंय, पण तिथे क्रम उलटा होता. २०२३ मध्ये पहिला चेंडू पडण्याआधीच पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ९५१ कोटींना विकले गेले होते. ज्याने एवढे पैसे मोजले तो सामना आडवेळी, आडवाटेच्या चॅनलवर कशाला दाखवेल? संध्याकाळची वेळ आणि मुंबई-दिल्ली ही आयपीएलमधून ओळखीची झालेली नावं. सॉफ्टबॉलच्या जुन्या लीगांना यातलं एकही मिळालं नाही. "आधी प्रेक्षक दाखवा, मग वेळ देतो" हेच ऐकावं लागलं. वेळच नाही तर प्रेक्षक दाखवायचे कुठून?

आताच्या लीगबद्दल मला आशा आहे, आणि ती भाबडी नाही. मे २०२५ मध्ये मेजर लीग बेसबॉल या पुरुषांच्या बलाढ्य लीगने तिच्यात पैसे घातले आणि स्वतःच्या चॅनलवर सामने दाखवायला घेतले. मेजर लीग बेसबॉलमधली पहिली महिला जनरल मॅनेजर किम एंग या नव्या लीगची कमिशनर, म्हणजे प्रमुख, आहे. आणि मुख्य म्हणजे २०२६ च्या मोसमासाठी संघांना गावं दिली, चाराचे सहा केले. टॅलन्स युटाचे झाले, आणि बँडिट्स हा दुसरा संघ पुन्हा आमच्या शिकागोचा. माझ्या दृष्टीने कुठल्याही जाहिरातीपेक्षा हे मोठं. २०२५ मध्ये रोझमाँटला माझ्या शेजारी बसलेल्या दोन शाळकरी मुली प्रत्येक खेळाडूला तिच्या कॉलेजच्या नावाने हाका मारत होत्या. संघ कुठला, हे त्यांना स्कोअरबोर्डवर बघावं लागत होतं.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचं सॉफ्टबॉल लॉस एंजेलिसमध्ये नाही, ओक्लाहोमा सिटीत होणार आहे, कॉलेजची फायनल होते त्याच स्टेडियमवर. गर्दी होईल, टीव्हीचे आकडेही येतील, आणि तुमच्यापैकी कोणीतरी मला फोन करून म्हणेल, "बघ, चाललं की तुझं सॉफ्टबॉल!" तेव्हाचे आकडे मी धरणार नाही. ऑलिम्पिक आणि कॉलेजला प्रेक्षक मिळतात हे आधीच ठाऊक आहे. २०२९ च्या जुलैत, कुठलंही पदक पणाला नसताना, एखाद्या मंगळवारी रात्री बँडिट्सची मॅच कोणत्या चॅनलवर लागते, ते विचारा मला.