कॉर्नियावरच्या सुरकुत्या

त्या दुपारी माझ्या शिकाऊ डॉक्टरांच्या सहा फेको केसेसची (अल्ट्रासाऊंडने मोतीबिंदू फोडून शोषून काढायच्या शस्त्रक्रियांची) रेकॉर्डिंग्ज तपासायला बसले होते. नावं काढलेली, नुसते क्रमांक. मायक्रोस्कोपच्या कॅमेऱ्यात डोळा आणि उपकरणांची टोकं एवढंच येतं, म्हणून हात कुणाचा हे न कळता गुण देता येतात. हातात आयसीओ-ऑस्करचा, म्हणजे डोळ्यांच्या शस्त्रक्रियेतलं कौशल्य मोजायचा आंतरराष्ट्रीय तक्ता होता: 20 मुद्दे, प्रत्येकाला 2 ते 5 गुण.

चौथ्या रेकॉर्डिंगमध्ये रेक्सिस, म्हणजे लेन्सच्या पातळ आवरणाला (कॅप्सूलला) पाडायचा गोल छेद, निम्म्यावर आल्यावर बाहेर पळू लागला. व्हिस्को (डोळ्यातली जागा फुगवून ठेवणारा जेल) भरून त्या शिकाऊ डॉक्टरने तो कसाबसा आत वळवला. मी मागे जाऊन तोच भाग सावकाश पाहिला. या वेळी नजर कॅप्सूलवर न ठेवता चिरेवर, म्हणजे उपकरणं डोळ्यात जातात त्या कापावर, ठेवली. फोर्सेप्स (चिमटा) प्रत्येक वेळी चिरेची मागची कड खाली दाबत होता. दाब पडला की कॉर्नियावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) बारीक सुरकुत्या उठत, व्हिस्को बाहेर येई, चेंबर (कॉर्निया आणि लेन्समधली जागा) उथळ होई, लेन्स पुढे सरके आणि कॅप्सूल बाहेरच्या बाजूला फाटत जाई. तक्त्यात यासाठी वेगळा मुद्दाच आहे, चिरेवर ताण न देण्याचा. तिथे मी 2 लिहिले.

क्रमांक उघडले तेव्हा मला अपराधी वाटलं. गेले कित्येक आठवडे जो मुलगा सांगत होता, "मॅडम, व्हिस्को टिकतच नाही," त्याचीच ती केस होती. मी शेजारच्या आयपीसमधून पाहत असे आणि दर वेळी "हात हलका ठेव" एवढंच म्हणत असे. केस चालू असताना माझा जीव रेक्सिसच्या कडेत अडकलेला असतो. कधी हातात घ्यावं लागेल याचाच विचार. चिरेकडे मी पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी दोघांनी ते रेकॉर्डिंग एकत्र पाहिलं. मी काही बोलण्याआधी तोच म्हणाला, "थांबवा... इथे सुरकुत्या आल्यात." मग वल्हं जसं खोबणीत फिरतं तसा फोर्सेप्स चिरेत फिरवायचा, कड दाबायची नाही, हे आम्ही वेट लॅबमध्ये (शस्त्रक्रियेच्या सरावाच्या खोलीत) पुन्हा पुन्हा केलं.

फेको मशीनच्या पायाखालच्या पेडलचं काय, ते मात्र या कॅमेऱ्यात दिसत नाही. त्यासाठी शेजारी बसावंच लागतं.

त्याच्या पुढच्या केसमध्ये सुरकुत्या दोनदा उठल्या. दोन्ही वेळा तो थांबला, मनगट उचललं, चेंबर पुन्हा भरला आणि मगच पुढे गेला. मी शेजारीच होते. या वेळी चिरेकडे बघत होते.