किल्लीवाली कथा: दुसरा ड्राफ्ट झाला, श्रेय गटाला

माझ्या किल्लीवाल्या कथेचा (वडिलांच्या बंद खोलीच्या किल्लीवरून बहीण-भावात बिनसतं ती) दुसरा ड्राफ्ट एकदाचा हातावेगळा झाला. मधल्या काळात एका लेखनगटात शिरलोय आणि यावेळी जी काही प्रगती आहे ती त्यांच्यामुळेच, म्हणून आज जास्त त्याबद्दलच लिहितो.

गटाची पद्धत साधारण मिलफर्डवाली. १९५६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या मिलफर्ड गावात डेमन नाइट वगैरे विज्ञानकथावाल्यांनी कार्यशाळा सुरू केली होती, ही रीत तिथली. म्हणजे मजकूर आधी सगळ्यांना पाठवायचा, सगळे वाचून येणार, मग एकेक जण ठरलेल्या मिनिटांत बोलणार आणि तोवर लेखकाने तोंड बंद ठेवायचं, त्याची पाळी सगळ्यात शेवटी. सुरुवातीला हे जाम छळतं, "अहो पण मला तसं म्हणायचंच नव्हतं" अगदी जिभेवर आलेलं असतं. पण कथा छापून आल्यावर काय प्रत्येक वाचकाशेजारी बसून समजावणार आहोत का आपण?

आता कथेकडे. मोठी बहीण वडिलांच्या बंद खोलीचं कुलूप उघडते आणि धाकटा भाऊ तिच्यावर उखडतो, असा प्रसंग आहे. इथे गटातले तिघं अडकले. एक म्हणाला संवाद लांबलाय, कापा. एकीला भाऊ उगाच आक्रस्ताळा वाटला. तिसऱ्याचं म्हणणं प्रसंगच उडवा, काही बिघडत नाही. उपाय तीन आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही, पण बोट तिघांचंही त्याच परिच्छेदावर! मी तिन्ही उपाय बाजूला ठेवले आणि मागे मागे जात राहिलो. दोन पानं आधी वडील भावाला किल्ली देतात तिथे नुसतं "त्याने किल्ली खिशात टाकली" एवढंच होतं. खोलीला दुसरी किल्ली आहे हे त्याला कधी कळूच दिलेलं नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यात होती, कागदावर नव्हती. मग वडिलांच्या तोंडी एक वाक्य घातलं, "एकच आहे, हरवू नकोस." बस्स. पुढच्या फेरीत त्या संवादाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, उलट आक्रस्ताळा म्हणणारीलाच भावाचं वाईट वाटलं.

तेव्हापासून मी वहीत फक्त कोण कुठे अडलं तेवढंच टिपतो. उपाय ऐकून घेतो, आभार मानतो, पुढे.

पण खरं सांगू का, स्वतःच्या कथेवर चर्चा होते त्यापेक्षा दुसऱ्यांचे ड्राफ्ट वाचून जास्त शिकलो. "इथे कंटाळा आला" एवढं म्हणून भागत नाही ना, का आला ते सांगावं लागतं. एका मॅडमची कथा होती, भाषा सुंदर, तरी मी दर पानावर अडखळत होतो आणि कारण सापडेना. शेवटी पेन्सिल घेऊन बसलो तर निवेदन आईच्या मनातून पुढच्याच वाक्यात मुलीच्या मनात उडी मारत होतं, पुन्हा परत. हे एकदा दिसलं की स्वतःच्या लिखाणातही दिसायला लागतं, मग सुटका नाही.

बाकी तारीख ठरलेली असली की लिहून होतं वगैरे फायदे आहेतच. मात्र ज्या गटात सगळे एकमेकांना "अप्रतिम, डोळ्यात पाणी आलं" म्हणून घरी जातात तिथे वेळ घालवू नका, त्यासाठी नातेवाईक असतात. आणि शुद्धलेखन शेवटच्या फेरीपर्यंत काढायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे, नाहीतर अख्खी बैठक वेलांट्यांवर जाते.

पुढच्या वेळी शेवटची पानं देतोय. शेवटावरून गटात दोन तट पडलेत, काहींना बहिणीने किल्ली परत द्यायला हवीय, काहींना अजिबात नको. बहुधा मी कोणाचंच ऐकणार नाही, पण तिने इतकी वर्षं ती किल्ली जपली कशाला हे दोन्ही तटांनी विचारलंय, तेव्हा आधी ते लिहायला घेतो.