एकट्याचा डाव

बूच जाळणं सोपं असतं. मेणबत्तीवर धरायचं, टोक काळं झालं की खरवडायचं, पुन्हा धरायचं. जमलेल्या काजळीची पूड करून पाण्यात कालवायची. पातळ झाली तर घामाबरोबर ओघळते, घट्ट झाली तर सुकल्यावर हसताना गालावर भेगा पडतात. आधी चेहऱ्याला कोकोआ बटरचा हात फिरवायचा, नाहीतर खेळ संपल्यावर निघता निघत नाही.

एखाद्या रिकाम्या दुपारी अमेरिकन रंगभूमीवरचा विनोदी नट आणि गायक बर्ट विल्यम्सचे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून बघावेत. एकात उंचापुरा, उजळ रंगाचा, सूट घातलेला देखणा गृहस्थ. दुसऱ्यात काजळीनं माखलेलं तोंड, रंगवलेले जाड ओठ. हा माणूस स्वतः कृष्णवर्णीय. पण गोऱ्या नटांनी कित्येक वर्षं तोंडं काळी करून जो ‘काळा माणूस’ रंगवून ठेवला होता, तोच अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या ओळखीचा. खरा त्यांना चालेना. विल्यम्सचा जन्म १८७४ चा, बहामातल्या नॅसॉचा. रंगभूमीवरची ती ठरीव ‘काळी’ बोलीही त्याला परकी भाषा शिकावी तशी शिकावी लागली. डेट्रॉइटच्या एका थिएटरात त्यानं सहज गंमत म्हणून पहिल्यांदा काजळी फासली, आणि गाणं जमलं. स्वतःकडे दुसराच कुणीतरी म्हणून बघता आलं तेव्हा कुठे विनोद सापडला, असं त्यानं पुढे लिहिलंय. यावर चिडावं की गप्प बसावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

जोडीदार जॉर्ज वॉकरबरोबर १९०३ साली त्यानं ‘इन डाहोमी’ हे संगीत नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नेलं. सगळे नट कृष्णवर्णीय. तिथून लंडन, थेट राजवाड्यापर्यंत. १९१० पासून झीगफेल्ड फॉलीज या ब्रॉडवेवरच्या झगमगत्या नाचगाण्याच्या खेळात, गोऱ्यांच्या ताफ्यात हा एकटा. ही सनावळी कुठेही मिळते.

त्यापेक्षा ‘नोबडी’ या त्याच्या गाण्याची १९०६ ची रेकॉर्ड ऐकावी. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गायचं, आवाजाच्या धक्क्यानं सुई मेणात खाच पाडणार. दबक्या आवाजाची खाच पडतच नाही, आणि वेळ जेमतेम तीन मिनिटं. अशा जागी हा गडी आळसावल्यासारखा, रडतखडत बोलतो, ट्रॉम्बोनला त्याच्यामागे कण्हू देतो आणि शेवटचा शब्द तालाच्या मागून आणतो. सांडतो म्हटलं तरी चालेल.

त्याचं खरं मोठं काम मात्र मूकाभिनयाचं. रंगमंचावर अंधार, उजेडाचा एकच झोत, आणि हा एकटा पोकर खेळतोय. समोर खेळाडू नाहीत, हातात पानं नाहीत. तीन पत्तीत पानं बदलून मिळत नाहीत. या पोकरमध्ये पाच मिळतात आणि नको ती टाकून नवी घेता येतात. ग्यानबाची मेख इथेच आहे. तीन पानं मागणाऱ्याकडे बहुधा एक जोडी असते. एक मागितलं तर दोन जोड्या असतील, नाहीतर एका पानासाठी काहीतरी मोठं अडलेलं. आणि एकही न मागणारा सगळ्यात धोक्याचा. म्हणजे समोरच्यानं किती पानं मागितली, एवढं याच्या चेहऱ्यावर दिसलं की पुरे. आपली पानं बघून आधी लपवलेलं हसू, मग वाटताना एकेकाकडे तिरका डोळा, मग मान किंचित पुढे, आणि ओसरत गेलेला रंग. १९१६ च्या एका मूकपटात हा प्रसंग टिकून आहे. तिथे तो तुरुंगाच्या कोठडीत बसून खेळतो.

खेळाडू त्याच्याच मनातले, पानंही त्याचीच. तरी तो हरतो.

फेब्रुवारी १९२२ मध्ये न्यूमोनिया अंगावर काढत तो पुन्हा डेट्रॉइटला उभा राहिला. प्रयोग चालू असताना कोसळला. लोकांना वाटलं, हे नाटकातलंच आहे, ते हसले. ४ मार्चला न्यूयॉर्कमध्ये गेला, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी.

त्या रात्री विंगेत नेल्यावर त्याच्या तोंडावरची काजळी कुणी पुसली, कोण जाणे.