आमची वाटचाल : ड्रॉइंग पक्कं होण्याआधी

भोसरी एमआयडीसीत आमचं पत्राकाम. शिअरिंग (पत्रा कापणं), बेंडिंग (वाकवणं), वेल्डिंग शेडमध्ये. पावडर कोटिंग बाहेरून. वडिलांपासून सगळं जॉबवर्कच. कंपनीचं ड्रॉइंग यायचं, आम्ही रेट द्यायचा, परचेसवाल्यांनी तो कापायचा आणि पुढे पेमेंटसाठी खेटे. लहान उद्योगांसाठीच्या एमएसएमई कायद्यात पेमेंटला ४५ दिवसांची मुदत आहे, पण गिऱ्हाइकाला कायदा दाखवायची छाती कोणाची?

असोसिएशन ऑफ डिझायनर्स ऑफ इंडियाची पुणे शाखा दरवर्षी पुणे डिझाइन फेस्टिव्हल भरवते. मित्राने ओढून नेलं म्हणून गेलो. मला वाटलं होतं, कपड्यांचं काहीतरी असणार. भाषणं निम्मी डोक्यावरून गेली. खरं काम झालं चहाच्या वेळी. एक डिझायनर सांगत होती, दवाखान्यातल्या उपकरणाच्या खोक्याचे नमुने हवेत, पण दहा नग करून द्यायला कोणी तयार नाही. म्हटलं, या भोसरीला.

तिच्या ड्रॉइंगमध्ये स्क्रूची भोकं बेंडला अगदी खेटून होती. आमचे बेंडिंगचे मामा म्हणाले, "मॅडम, भोक ओढलं जाणार." एक तुकडा वाकवून दाखवला, गोल भोक लांबट झालं होतं. तिने तिथंच उभं राहून भोकं मागे सरकवली. उलट तिनेही आम्हाला एक गोष्ट करायला लावली. आम्ही कडेची बर (कापल्यावर राहणारी धारदार कोर) घासून द्यायचो, तिने कडच आत दुमडून घेतली. खोकं दिवसभर उचलणाऱ्या नर्सचा हात आमच्या हिशेबात कधी आलाच नव्हता.

डिझाइन नोंदणीचं तिच्याकडूनच कळलं. संरक्षण फक्त रूपाला. १० वर्षं, वाढवून आणखी ५. अर्ज मात्र वस्तू लोकांसमोर मांडण्याआधी. हौसेने आधी इन्स्टाग्रामवर टाकणारी पोरं भेटली की मी अजून हे ऐकवतो.

पोटापाण्याला जॉबवर्क आजही लागतंच. पण नमुन्यांचं काम वाढतंय आणि त्याला ॲडव्हान्स मिळतो! फेस्टिव्हलला जाताना वाकवलेल्या तुकड्यांचा डबा सोबत असतो: सीआर (कोल्ड रोल्ड पोलाद), स्टेनलेस, ॲल्युमिनियम, वेगवेगळ्या जाडीचे. बेंडवर चिरलेला ॲल्युमिनियमचा तुकडा आधी उचलला जातो. "हा का चिरला?" इथून बोलणं सुरू होतं, आणि बऱ्याचदा ते ड्रॉइंग आमच्या टेबलावरच पुरं होतं.