सात महिन्यांची लेक, पाच रात्री आणि एकच खोली

धास्ती विमानाची होती. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. ती रडली तर? कान दुखले तर? शेजारचा माणूस वैतागला तर? नवऱ्याने अडीच तासांच्या विमानप्रवासाचं मिनिटामिनिटाचं वेळापत्रक कागदावर काढलं होतं. पाच रात्री जिथे काढायच्या त्या खोलीबद्दल आम्ही फोनवर एकच प्रश्न विचारला : समुद्र दिसतो का?

दिसत होता. पहिले दोन दिवस त्याच्याकडे बघायचं त्राण मात्र दोघांतही नव्हतं.

लेक सात महिन्यांची, साडेसात किलोची. बसते, रांगत नाही, पोटावर घड्याळाच्या काट्यासारखी गोल फिरते. सहलीला हे वय मला तरी बरं वाटलं. ठेवलेल्या जागी बाळ सापडतं आणि कुणाच्याही कडेवर हसत जातं. आणखी दोन महिन्यांनी रांगणं आणि अनोळखी माणसाला बघून भोकाड पसरणं दोन्ही सुरू होईल, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हा जायचं तर आत्ताच.

तिकिटाचं आधी सांगते. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसून जातं, पण त्याचं नाव तिकिटावर लागतं आणि वयाचा पुरावाही. जन्मदाखल्याची प्रत मोबाइलमध्ये ठेवाच, शिवाय एक कागदावर असू द्या. मांडीवरच्या बाळाला आईच्या पट्ट्यात अडकवायचा वेगळा छोटा पट्टा विमानात देतात. टांगता पाळणा मोठ्या विमानांतच असतो, तोही पुढच्या भिंतीसमोरच्या मोजक्या जागांवर. त्याला वजनाची मर्यादा असते आणि आधी मागणी नोंदवावी लागते. आमच्या विमानात नव्हताच. आम्ही खिडकीची आणि तिच्या शेजारची जागा घेतली. खिडकीशी बसलं की दूध पाजताना जरा आडोसा मिळतो. पोटावर बांधायची झोळी सोबत होती, तिचा उपयोग विमानतळावर झाला. विमान उडताना आणि उतरताना मात्र बाळाला तिच्यातून बाहेर काढायला लावतात, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नका.

सुरक्षा तपासणीची मला उगाच काळजी होती. बाळाचं दूध, पाणी, भरडी यांना द्रवपदार्थांच्या शंभर मिलीलीटरच्या नियमातून सहसा सूट असते. बॅगेत खोल दडवू नका, ट्रेमध्ये वेगळं काढून ठेवा आणि आधीच सांगा. पावडरच्या दुधाचं आम्ही असं केलं : थर्मासमध्ये उकळलेलं गरम पाणी, आणि एकेका बाटलीपुरती पावडर मोजून वेगवेगळ्या डब्यांत. पावडर कालवताना पाणी निदान सत्तर अंशांचं हवं, मग ते निववून पाजायचं. कालवलेलं दूध दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्यायचं. बाटल्या घरूनच कालवून नेण्याचा मोह होतो, पण तो आवरा.

आता चूक. वेळापत्रकात ‘उड्डाण : दूध’ असं लाल शाईने लिहिलं होतं. त्याप्रमाणे विमान धावपट्टीवर आल्याआल्या पाजलं. ती गटागटा प्यायली, ढेकर दिली आणि झोपली. आम्ही विजयी मुद्रेने एकमेकांकडे पाहिलं. विमान खाली येऊ लागलं तशी ती दचकून उठली आणि असं किंचाळली की आख्ख्या विमानाने माना वळवल्या. पोट भरलेलं, त्यामुळे दूध तोंडात घेईना. बाटली ढकलली, चोखणी थुंकली. शेवटी माझं बोट चोखत चोखत विमान टेकलं.

नंतर डॉक्टरांनी समजावलं ते असं. कानाचा खरा त्रास चढताना कमी आणि उतरताना जास्त होतो. खाली येताना केबिनमधला हवेचा दाब वाढत जातो, पडदा आत ओढला जातो. घसा आणि कान यांना जोडणारी नळी गिळताना उघडते आणि दाब सारखा होतो. बाळांची ही नळी आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते, आणि झोपेत गिळणंही कमी होतं. म्हणून एक दूध उतरण्यासाठी राखून ठेवा. विमान जमिनीला टेकायच्या साधारण अर्धा तास आधी उतरू लागतं. कर्मचाऱ्यांना विचारलं की ते नेमकं सांगतात.

त्याच गडबडीत डायपरनेही दगा दिला, पाठीपर्यंत. तिचे जादा कपडे तीन जोड होते, माझा एकही नव्हता. पुढचं काही मी लिहीत नाही. हातातल्या बॅगेत स्वतःसाठी एक सदरा टाका.

उतरल्यावर गाडी. बाळाची सीट असलेली गाडी आम्ही आगाऊ सांगितली होती. आली त्या गाडीत सीट होती, पण चार वर्षांच्या मुलाची, तोंड पुढे असलेली. चालक बिचारा भला माणूस. म्हणाला, “ताई, मांडीवर घ्या, हळू नेतो.” आम्ही नाही म्हटलं आणि दुसऱ्या गाडीची वाट बघत पन्नास मिनिटं बसलो. पन्नासच्या वेगाने जाणारी गाडी कुठे आदळली तर साडेसात किलोचं बाळ हातांत धरून ठेवणं कुणाच्याही बापाला जमत नाही. या वयाला तोंड मागे असलेलीच सीट हवी, ती मागच्या आसनावर. पुढे एअरबॅग चालू असेल तिथे तर मुळीच नको. गाडी ठरवताना ‘सीट आहे का’ एवढं विचारून थांबू नका. बाळाचं वय आणि वजन सांगा, सीटचा फोटो मागवा.

दोन तासांच्या रस्त्यात एकदा थांबलो. पोहोचता पोहोचता ती सीटमध्येच गाढ झोपली. तशीच उचलून खोलीत ठेवावी असं दोघांच्याही मनात आलं. पण त्या अर्धवट बसलेल्या अवस्थेत बाळाची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वास अडू शकतो. गाडी थांबली की बाळ सपाट जागी हलवायचं. हलवलं. अर्थातच उठली.

आणि मग ती खोली. ‘बेबी कॉट मिळेल’ म्हणाले होते, मिळाला. त्यात मऊ गादी, उशी, कडेने गुबगुबीत लोड, वर दुलई आणि एक कापडी ससा. बघायला झकास, झोपायला धोक्याचं. एक वर्षाखालच्या बाळाला टणक सपाट गादी, वर ताणून बसवलेली चादर, आणि बाकी काही नाही. झोपवायचं पाठीवर. आम्ही ससा वगैरे मंडळींना कपाटात पाठवलं, दुसरी टणक गादी मागवली. ती कॉटमध्ये घट्ट बसते ना ते कडेने बोटं घालून पाहिलं. मोठी फट राहिली तर बाळ तिच्यात अडकू शकतं. चादर आमचीच होती, आणि ती मुद्दाम न धुतलेली. ही युक्ती माझ्या नणंदेची : निघायच्या आधी चार दिवस बाळ ज्या चादरीवर झोपलं तीच न्यायची, म्हणजे घरचा वास सोबत येतो.

पहिल्या रात्री वास चालला नाही. साडेसातला दिवे घालवले आणि तेव्हा लक्षात आलं की खोली एक, म्हणजे अंधारही तिघांचा. जेवण आलं होतं. ते ताटं घेऊन आम्ही न्हाणीघरात गेलो, दार चार बोटं उघडं ठेवून फरशीवर मांडी ठोकली. नवऱ्याचा चमचा ताटलीवर खणकन वाजला. दोघेही घास तोंडात धरून पुतळ्यासारखे थांबलो. पलीकडे खुसफूस झाली, कूस बदलली, पुन्हा शांत. त्यानंतर तो हाताने जेवला. फ्लश दाबायचं धाडस सकाळपर्यंत कुणी केलं नाही. एवढं करूनही ती पाच वेळा उठली.

दुसऱ्या दिवशी फिरणं रद्द करून आम्ही खोलीच लावली. कॉट दाराजवळून उचलून कपाटामागच्या कोनाड्यात नेला. तिथून आमचा पलंग तिला दिसत नाही. टीव्हीच्या लाल दिव्यावर औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी लावली. दाराखालच्या फटीला टॉवेल. छोटा फ्रिज दर वीस मिनिटांनी घरघरत होता, तो रात्रीपुरता बंद. दूर ठेवलेल्या पंख्याचा एकसुरी आवाज मात्र चालू. संध्याकाळचा क्रम घरचाच ठेवला : अंघोळ, दूध, तीच अंगाई, त्याच बेसूर आवाजात. शिवाय रात्र वाटून घेतली. दोनपर्यंत तो उठणार, दोननंतर मी. ज्याची पाळी नाही त्याने डोळे उघडायचेसुद्धा नाहीत. आमच्या मते हा नियम लग्नाच्या हिताचा आहे.

त्या रात्री दोनदा उठली. तिसऱ्या रात्री पहाटे पाचपर्यंत सलग. आम्ही दोघं सज्जात बसलो आणि पहिल्यांदा नीट समुद्र पाहिला.

म्हणून माझं स्पष्ट मत : बाळाला घेऊन तीन रात्रींची सहल करू नका. दोन रात्री जागा ओळखीची होण्यातच जातात आणि फळ मिळायच्या दिवशी तुम्ही बॅगा भरत असता. निदान पाच रात्री, त्याही एकाच ठिकाणी. आज इथे, उद्या तिथे असं केलं की रोज पहिलीच रात्र. खोली ठरवताना समुद्राआधी हे विचारा : सज्जा किंवा वेगळा कोनाडा आहे का? पडदे जाड आहेत का? पाणी उकळायची सोय? खाली रात्री गाणीबजावणी चालते का?

दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, आणि तेच बरं. सकाळी सात ते नऊ किनारा, मग खोलीत झोप, दुपारी पुन्हा झोप, ऊन उतरल्यावर तासभर बाहेर. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन शक्यतो लावत नाहीत, सावलीतच ठेवतात. त्यावरच्यांना लावा, पण सावली सोडू नका. ढकलगाडीवर दुपटं टाकून ऊन अडवायची आपली सवय घातक आहे. आत हवा कोंडते आणि भराभर तापते. छत्री लावा. वाळू ती खाणारच. आम्ही पहिल्या दिवशी पंधरा वेळा मूठ सोडवली, मग ओली चटई अंथरून तिच्या मधोमध बसवली. खरा त्रास मांड्यांच्या घड्यांत अडकलेल्या वाळूचा. पुसून निघत नाही, उलट कातडी सोलते. साध्या पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, मगच डायपर. खाण्यात नवं काहीही द्यायचं नाही असं ठरवलं होतं. केळं, उकडलेला बटाटा, जे घरी पचलेलं होतं तेवढंच. परक्या गावी अंगावर पुरळ उठलं तर कशाने उठलं हे शोधत बसावं लागतं. आणि कुणी प्रेमाने मधाचं बोट पुढे केलं तर हात जोडा : वर्षाच्या आत मध नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी कपाळ गरम लागलं. ताप 38.4 सेल्सिअस, नाक वाहतंय. निघण्यापूर्वी दोन कामं केली होती ती इथे उपयोगी पडली. एक, तापाच्या औषधाचा डोस डॉक्टरांकडून तिच्या वजनानुसार मिलीलीटरमध्ये लिहून घेतला होता आणि तो कागद बाटलीलाच रबराने बांधला होता. दोन, तिथल्या बालरोगतज्ज्ञाचा पत्ता आधीच शोधला होता. घाबरायचं कधी, हेही विचारून ठेवलेलं बरं. तीन महिन्यांखालच्या बाळाला 38 किंवा वर ताप असेल तर वाट न बघता डॉक्टर. त्याहून मोठ्या बाळांच्या बाबतीत दूध नाकारणं, सहा-आठ तास शू न होणं, टाळू खोल जाणं, हाक मारली तरी मलूल पडून राहणं, श्वासाची धाप, यांतलं काहीही दिसलं तर लगेच निघायचं. आमची तापातही टीव्हीच्या चिकटपट्टीकडे बघून हसत होती. सकाळी डॉक्टरांनी तपासलं, साधी सर्दी निघाली. परतीचं विमान आहे म्हटल्यावर त्यांनी दोन्ही कान बघितले. कानात संसर्ग असता तर प्रवास पुढे ढकलायला सांगितलं असतं. नाकात घालायला मिठाच्या पाण्याचे थेंब दिले, ते उतरण्याच्या जरा आधी घाला म्हणाले.

परतताना वेळापत्रकाचा कागद नव्हता. चढताना चोखणी, उतरायची घोषणा झाली की थेंब, मग दूध. खिडकीतून गावाचे दिवे दिसायला लागले तेव्हा ती बाटली धरून माझ्याकडे टुकूटुकू बघत होती, आणि रडत होतं ते मागच्या रांगेतलं बाळ. त्याच्या आईला मी बोट चोखायला द्यायची खूण केली.

घरी आलो आणि रात्री कळलं की चादर तिथेच राहिली. घरच्या पाळण्यात ती दोन रात्री पुन्हा दर तीन तासांनी उठत होती. फोन केला, चादर सापडली, काल पार्सलने आलीसुद्धा. स्वच्छ धुऊन, इस्त्री करून. आता तिला साबणाचा वास आहे.