तुम्ही विचारलंत म्हणून: जॅक असताना घोड्या कशाला?

महिन्यातून एखाद्या रविवारी मी पार्किंगमध्ये गाडी उचलायला घेते. शेजारी उचललेल्या गाडीखाली आधाराला लावायचे दोन लोखंडी स्टँड (त्याच घोड्या), प्लायवूडचे तुकडे, लाकडी ठोकळे मांडलेले असतात, आणि जिन्यावरून उतरता उतरता कुणीतरी विचारतंच, “ताई, एवढा दणकट ट्रॉली जॅक आहे, मग हा पसारा कशाला?” गेल्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका जॅक मागायला आले, तेही म्हणाले, “नुसता जॅक द्या, स्टँड राहू देत.” त्यांच्या घाईत मला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगते.

सहा वर्षांपूर्वीची मे महिन्यातली दुपार. वॅगनआरचे पुढचे ब्रेक पॅड बदलायचे होते. डावं चाक काढलेलं, गाडी नुसत्या जॅकवर. चाकाचे चार नट हरवू नयेत म्हणून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकले आणि डबा ब्रेक डिस्कच्या खाली सरकवून ठेवला. मध्ये चांगलं चार बोटं अंतर होतं. कॅलिपरचा, म्हणजे ब्रेक पॅड धरून ठेवणाऱ्या भागाचा, एक बोल्ट गंजून बसला होता. त्यावर तेल मारलं आणि ते मुरेपर्यंत वर चहाला गेले.

वीस-पंचवीस मिनिटांनी खाली आले, तर डिस्क डब्याच्या झाकणावर टेकली होती. झाकणाला मधोमध खळगा पडला होता. शेजारीच वॉचमन खुर्ची टाकून बसला होता, त्याला काहीही ऐकू आलं नव्हतं. ऐकू येण्यासारखं काही झालंच नव्हतं. गाडी आपली हळूहळू खाली बसत गेली होती. आणि चहाला जायच्या आधी, आत पडलेली एक क्लिप काढायला मी खांद्यापर्यंत हात आत घातला होता.

अण्णांना सांगितलं. त्यांची उभी नोकरी एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून झाली. ते रागावले नाहीत. “हात आत घातला होतास का?” एवढंच विचारलं, आणि संध्याकाळी स्वतः बाजारात जाऊन स्टँडची जोडी घेऊन आले. घोडी हा त्यांचाच शब्द. त्यांच्या डेपोत बस उचलली की खाली जाणारा माणूस ओरडून विचारायचा, “घोडी लागली?” पलीकडून “लागली” असं ऐकल्याशिवाय कुणी खाली सरकायचं नाही.

जॅक नंतर उघडला, तेव्हा व्हॉल्व्हच्या छर्र्याखाली कचऱ्याचा एक बारीक कण सापडला. तेवढ्यानेच छर्रा नीट बसत नव्हता आणि तेल परत टाकीत झिरपत होतं. हायड्रॉलिक जॅकचं सगळं काम तेलावर चालतं. दांडा मारला की लहान पिस्टन तेलावर दाब देतो, तोच दाब मोठ्या पिस्टनवर पोचतो, आणि क्षेत्रफळ जितक्या पटीने मोठं तितक्या पटीने बळ वाढतं. पास्कलने सतराव्या शतकात मांडलेला हा नियम. म्हणून तर माझ्यासारखी बाई एका हाताने आठ-नऊशे किलोच्या गाडीचं नाक उचलू शकते. पण एकदा उचलल्यावर ते वजन एका छर्र्यावर आणि दोन-तीन रबरी सीलवर उभं असतं. सील कापलं, कचरा अडकला किंवा कुणाचा पाय दांड्याला लागून व्हॉल्व्ह सैल झाला, की गाडी खाली येते. आणि जॅकमध्ये तेल भरताना जॅकचंच तेल घाला. ब्रेक ऑइल घातलं तर त्याने हे सील फुगून खराब होतात.

घोडीत तेल नाही, सील नाही. नुसतं लोखंड. मी आडवी पिन घालायची घोडी घेते, कारण पिन आरपार गेलेली डोळ्यांना दिसते. दात्यांच्या घोडीत खिट्टी दात्यात पूर्ण बसली का, हे वाकून बघावं लागतं. खिट्टी दात्यातून सुटू शकते म्हणून २०२० साली अमेरिकेत हार्बर फ्रेट कंपनीने लाखो स्टँड परत मागवले होते.

आता प्लायवूडचं. आपल्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत, वाळूवर बसवलेले. जॅकची गाडीला टेकणारी वाटी सरळ वर जात नाही, कमानीत जाते, त्यामुळे गाडी वर चढताना जॅकला आपल्या चाकांवर थोडं सरकावं लागतं. ब्लॉकच्या फटीत चाक अडकलं तर जॅक सरकत नाही, मग वाटीच गाडीखालून निसटायला लागते. म्हणून खाली १८ मिलिमीटरचा प्लाय. डांबरी जागा असेल तर घोडीचे पाय रुततात, म्हणून त्यांच्याखालीही तोच. आणि गेटजवळच्या उतारावर गाडी उचलायची नाही, कितीही घाई असो.

ठोकळ्यांबद्दल मात्र थोडं थांबून सांगते, कारण इथे चांगले चांगले ड्रायव्हर फसतात. “गिअरमध्ये टाकली आहे ना, मग कुठे जाते?” पण आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन पुढची चाकं फिरवतं. त्यातलं एक जरी हवेत गेलं तरी डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरांमुळे, ते मोकळं फिरतं, आणि गिअरची पकड संपली. तेव्हा गाडी फक्त हँडब्रेकवर असते, आणि तो मागच्या चाकांना लागतो. मागची दोन्ही चाकं उचललीत, तर हँडब्रेकचाही उपयोग नाही. म्हणून जी चाकं जमिनीवर आहेत त्यांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावायचे, गिअर आणि हँडब्रेक असला तरी. ठोकळा नसेल तर चाकाला दगड चालेल. गाडीखाली आधाराला मात्र दगड नको, वीट नको, सिमेंटचा पोकळ ब्लॉक तर नकोच. लोखंड आधी वाकतं, डोळ्यांना दिसतं. वीट एका क्षणात फुटते.

जॅक लावायची जागा गाडीच्या पुस्तकात चित्रासकट दिलेली असते. दाराखालच्या पट्टीवर खाचा असतात, घोड्या तिथे. मग जॅक कुठे? पुढे मधल्या क्रॉस मेंबरला, म्हणजे गाडीखालच्या आडव्या दणकट पट्टीला, लावून नाक उचलायचं आणि दोन्ही खाचांखाली घोड्या सरकवायच्या. इंजिनच्या चेंबरला, म्हणजे खालच्या तेलाच्या टाकीला, जॅक कधीच लावू नका, पत्रा आत दबतो. गाडी कोकणात किंवा गोव्यात खाऱ्या हवेत राहिलेली असेल, तर खाचेजवळचा पत्रा आधी बोटांनी दाबून बघा. कुरकुरला तर तिथे वजन टाकू नका.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे. वर घेतल्यावर पान्यावर जोर लावला की सगळी गाडी हलते. घोड्यांवर वजन आलं की गाडीला कमरेचा जोर लावून दोन धक्के द्यायचे. पडायचीच असेल तर मी बाहेर असताना पडू दे. काढलेलं चाक मी पट्टीखाली आडवं सरकवून ठेवते. रस्त्यात पंक्चर झालं तर घोडी जवळ नसते, तेव्हाही स्टेपनी अशीच खाली ठेवा. गाडीसोबत मिळणारा कैचीचा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर खाली वाकूही नका.

काका, जॅक जिन्याखालच्या कपाटात आहे, चावी वॉचमनकडे. दोन्ही घोड्या जॅकच्या पुढ्यातच ठेवल्या आहेत, त्या बाहेर काढल्याशिवाय जॅक निघत नाही. दोन्ही घेऊन जा. ठोकळे वरच्या फळीवर आहेत.