मुरबाडच्या लाटा आणि माळशेजचा घाट

माळशेज सायकलवर करून आलो असं सांगितलं की लोक घाटाबद्दलच विचारतात. चढ कितीचा, वळणं किती, दरडीची भीती वाटत नाही का? त्याआधीच्या रस्त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. खरं सांगायचं तर घाट हा त्या दिवसातला त्यातल्या त्यात सरळमार्गी भाग. तो समोर उभा राहतो, सांगून मारतो. बदलापूरच्या पुढे मुरबाड, सरळगाव, टोकावडे हा जो पट्टा आहे ना, तो न सांगता मारतो.

बेत काकांचा. काका म्हणजे ठाण्यातल्या आमच्या सोसायटीतले, वय एकसष्ट. रोज पहाटे उपवनपासून येऊरचा चढ चढून परत येऊन दूध घेऊन घरी जाणारा माणूस. त्यांची सायकल जुनी, लोखंडी, पुढे पायडलपाशी तीन दातेरी चकत्यांची. माझी दोन वर्षांपूर्वीची हलकी रोड बाइक, जिचा हप्ता नुकताच संपलाय. घटस्थापनेच्या आधीचा रविवार ठरला. पाऊस ओसरलेला, हिरवं अजून टिकलेलं आणि धबधब्यांवर गाड्या लावून नाचणारी गर्दी पांगलेली. माळशेजला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही.

पहाटे साडेचारला कळव्याचा पूल ओलांडला. मुंब्र्याला बायपास टाळून गावातून गेलो, कारण बायपासवर त्या वेळी कंटेनरचं राज्य असतं. शीळफाटा, मग काटई. या भागाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. धूळ, हेडलाइट आणि एका बंद टपरीसमोर आमच्यावर भुंकणारी सहा कुत्री.

काटई नाक्याला उजवीकडे वळलं की पाइपलाइन रोड लागतो. खोणी, नेवाळी करत बदलापूरकडे जाणाऱ्या या रस्त्याला पाण्याचे भलेमोठे नळ सोबत करतात. काका म्हणाले, "याच्या कडेकडेने जात राहिलास की धरणाला पोचतोस. नकाशा कशाला हवा?" आणि खरंच की. बारवी हे औद्योगिक विकास महामंडळाचं धरण, कारखान्यांसाठी बांधलेलं, पण ठाण्याच्या नळाला येणाऱ्या पाण्यातलंही थोडं तिथलंच. आपल्या मोरीतल्या नळापासून उलटं निघून पाणी कुठून येतं ते बघायला चाललोय, असं काहीसं वाटायला लागलं.

बदलापूर पश्चिमेला चहा मारला आणि उल्हास नदी ओलांडून मुळगावच्या बाजूने बारवीच्या रस्त्याला लागलो. इथून शहर सुटतं. साग, ऐन, मधेच भाताची खाचरं. लोंब्या भरत आल्या होत्या आणि वाऱ्याबरोबर भाताचा तो ओलसर गोड वास यायचा, जो गाडीच्या काचेआड बसून कधीच मिळत नाही. बांधांवर गुलाबी तेरडा, उघड्या माळांवर पिवळी सोनकी. धरणाचा फुगवटा झाडांमधून एकदा डावीकडे चमकला आणि पुन्हा गेला.

आणि इथूनच लाटा सुरू झाल्या. चढ म्हणावा तर दोनशे मीटरचा. वर पोचलात की लगेच उतार, तोही तेवढाच. उताराचा वेग पुढच्या चढाला पुरेल असं वाटतं, आणि तो बरोबर निम्म्यावर संपतो. मग गिअर शोधायचा, चेन करकरते, दम एकदा वर जातो. असं एकदा नाही, तीस वेळा. मी प्रत्येक चढ जोर लावून, उभं राहून काढत होतो. काका बसल्या जागी पाय गरगर फिरवत मागून यायचे आणि चढ संपेपर्यंत शेजारी असायचे. वर बोलायचेही. मला बोलायला श्वास उरत नव्हता.

मुरबाडला मिसळ खाताना त्यांनी मला गणित घातलं. माझ्या सायकलला पुढे लहान चकती ३४ दात्यांची, मागे सगळ्यात मोठी २८ ची. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाक साधारण अडीच मीटर पुढे जातं. त्यांची पुढची ३०, मागची ३४. एका फेऱ्यात पावणेदोन-दोन मीटर. चढावर ताशी नऊच्या वेगाने जायचं तर मला मिनिटाला साठ फेरे पुरतात, त्यांना ऐंशी मारावे लागतात. "वेग तोच," ते म्हणाले, "पण तू दर फेऱ्याला गुडघ्यावर गोणी ठेवतोस, मी पिशवी ठेवतो. संध्याकाळपर्यंत उचलायच्या कोणाला?" मी तर्रीत पाव बुडवला आणि गप्प बसलो. हलकी सायकल घेताना दुकानात मला वजन सांगितलं होतं, दाते कोणी सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते, ते सोडा.

मुरबाडपासून आपण कल्याण-नगर रस्त्यावर असतो. कागदोपत्री राष्ट्रीय महामार्ग ६१, त्याआधी २२२, बोलायला मात्र नगर रोडच. सरळगावच्या पुढे एका वळणावर कडेची खडी टाळायला गेलो आणि नेमका खड्ड्यात. फाट्ट! पंक्चरचा आवाज ओळखीचा असतो, हा त्यातला नव्हता. मागच्या टायरच्या बाजूची भिंतच बोटाच्या पेराएवढी चिरली होती. ट्यूब बदलून भागणार नव्हतं; हवा भरली की नवी ट्यूब त्या चिरेतून फुगा होऊन बाहेर येणार. बघता बघता डोक्यात मुरबाड, बस, घर असा परतीचा प्रवास पूर्ण झाला.

रस्त्याच्या कडेला एक मावशी काकड्या घेऊन बसल्या होत्या. पावसाळी गावठी काकड्या, हातभर लांब, पिवळसर. मागे त्यांची चहाची टपरी, तारेवर धुऊन वाळत घातलेल्या दुधाच्या पिशव्या. काकांनी त्याच बघितल्या.

"मावशी, यातली एक देता का?"

"रिकामी कशाला पायजे? च्या घ्या ना."

चहा घेतला, काकडी घेतली, पिशवी फुकट मिळाली. काकांनी तिच्यातून आडवा पट्टा कापला, त्याची चौपदरी घडी केली आणि टायरच्या आतून चिरेवर बसवली. तिच्यावर नवी ट्यूब. दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक जाड असतं, सहज ताणलं जात नाही, त्यामुळे ट्यूबला बाहेर डोकावता येत नाही. "हवा शंभर पौंड भरू नकोस," पंप माझ्या हातात देत ते म्हणाले, "सत्तरवर थांब. आणि घरीही शंभर कशाला भरतोस? आपले रस्ते बघितलेस ना?" मावशींनी काकडीवर तिखटमीठ चोळता चोळता सगळं बघितलं. "आता ही पिशवी मोजणीत कमी येनार," एवढंच बोलल्या. दहाची नोट पुढे केली तर हसून मागे सारली.

टायर टिकला. पहिले पाच किलोमीटर मी दर मिनिटाला मागे वाकून बघत होतो, मग विसरलो.

टोकावड्यापासून उजव्या हाताला सह्याद्रीची भिंत येते ती शेवटपर्यंत हलत नाही. वैशाखरे गेलं की नानाचा अंगठा हा कडा दिसतो आणि त्याच्याजवळच्या खिंडीत नाणेघाट. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल या वाटेने जुन्नरला चढायचा. वर जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण आणि लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख अजून आहेत. म्हणजे आपण ज्या लाटांना शिव्या घालतोय, त्या दोन हजार वर्षांपूर्वी बैलांनीही खाल्ल्या असणार. त्यांना वर खडी पायवाट होती, आपल्याला निदान डांबर आणि दाते आहेत.

मोरोशीच्या भैरवगडाखाली पाणी भरून घेतलं. आणि मग घाट. मुरबाडचं गणित डोक्यात होतं, म्हणून पहिल्यांदाच उभं न राहता बसून चढलो. शेवटचा गिअर, ताशी आठ, कधी सात. घाटाची गोष्ट अशी की एकदा लय सापडली की ती कोणी मोडत नाही. उतार येऊन गोंधळ घालत नाही. डावीकडे दरी, उजवीकडे पाझरणारा काळा कडा, त्याच्या कपारीतून सोनकी लोंबतेय. मोठे धबधबे रोडावले होते, पण कातळावरून पाण्याच्या रेघा उतरत होत्या. बोगद्यात शिरताना मागून येणाऱ्या ट्रकने हॉर्न वाजवला तेव्हा मात्र छातीत धस्स झालं. आतला आवाज कुठून येतो तेच कळत नाही. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा, एवढं मी सांगेन.

सव्वा वाजता माथा. मीटरवर सव्वाशेच्या आसपास किलोमीटर.

वर आलं की सगळं बदलतं. कोकणातला घाम तिथेच राहतो आणि थंड वारा तोंडावर येतो. साधारण ७०० मीटर उंचीवरचं हे माळरान, गुडघाभर गवत, झाडं विरळ, समोर हरिश्चंद्रगडाचा पसारा आणि लांबवर पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी. आपण सकाळपासून ज्या उताराच्या विरुद्ध आलो, तिथलं पाणी काळू-उल्हासमधून आपल्या खाडीला येतं. खुबी फाट्याकडे पन्नास पावलं गेलं की तोच पाऊस कुकडी, घोड, भीमा करत पार बंगालच्या उपसागराला जातो. काका सायकल गवतात आडवी टाकून पाठ टेकून झोपले. अर्धा तास एक शब्द बोलले नाहीत, ही त्या दिवसातली सगळ्यात नवलाची गोष्ट.

परतीचं आधीच ठरलं होतं: दोनशेच्या वर ओढायचं नाही. ओतूरहून भिवंडीला निघालेल्या पिकअपवाल्याने चारशे रुपयांत दोघांना सायकलींसकट घेतलं. मागे कोथिंबिरीच्या जुड्यांवर ताडपत्री, ताडपत्रीवर आम्ही. ज्या वळणांना सकाळी तास घालवला ती दहा-पंधरा मिनिटांत संपली, आणि त्या लाटा तर गाडीतून कळल्यासुद्धा नाहीत. मुरबाड कधी गेलं माहीत नाही, मी झोपलो होतो.

कल्याणला दुर्गाडीच्या पुलाअलीकडे गाडी थांबली तेव्हा जाग आली. किल्ल्यावर नवरात्राचा मंडप चढत होता, खाली खाडी भरतीने टम्म. भिवंडीच्या फाट्यापर्यंत सोडतो, तिथून रिक्षा-टेम्पो बघा, असं ड्रायव्हर म्हणत होता. मी उठून पाय झाडले आणि वळून बघितलं, तर काकांनी स्वतःची सायकल कधीच खाली उतरवली होती.

"वीस-बावीसच उरलेत," हेल्मेटचा पट्टा लावत ते म्हणाले. "आणि कोनगावपासून सपाट आहे."

सपाट नाहीये.